एकोणचाळीस फुटांत चार स्लीपर

अमेरिकेत रेल्वेमार्गांचे प्रतीनुसार वर्ग ठरवणारे केंद्रीय नियम आहेत. रुळाच्या दर ३९ फुटांत धड अवस्थेतले स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) किती असावेत, हे त्यांतला एक नियम सांगतो. सरळ मार्गावर तिसऱ्या वर्गासाठी ८, चौथ्या वर्गासाठी १२. वळण २ अंशांहून तीव्र असेल तर १० आणि १४. तिसऱ्या वर्गाच्या मार्गावर प्रवासी गाडी ताशी ६० मैलांपर्यंत पळवता येते, चौथ्यावर ८० पर्यंत. प्रत्यक्षात मात्र ती ७९ वरच थांबते, कारण ८० गाठायचे तर इंजिनात जादा सिग्नल यंत्रणा लागते. आकडा ३९ च का, तर जुन्या काळी रूळ ४० फुटी वाघिणींतून न्यायचे आणि त्यांत मावेल एवढाच तुकडा कापायचे.

आठ आणि बारा यांत फरक चार स्लीपरांचा. अमेरिकेतली एक लांब पल्ल्याची गाडी या चार स्लीपरांवर आठ-दहा वर्षं अडून राहिली होती. ती सुटली ती वॉशिंग्टनच्या किंवा राज्यांच्या राजधान्यांच्या पुढाकाराने नव्हे, तर कॅन्ससच्या गव्हाच्या पट्ट्यातल्या आणि कोलोरॅडोच्या कोरड्या माळावरच्या नगरपालिकांमुळे. त्यांतल्या कित्येकींची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढीही भरणार नाही.

गाडीचं नाव साउथवेस्ट चीफ. शिकागो ते लॉस एंजेलिस, २,२६५ मैल, म्हणजे साधारण ३,६४५ किलोमीटर. रोज एक गाडी जाते, एक येते. मार्ग जुन्या सँटा फे रेल्वेचा. १९७१ साली खाजगी रेल्वे कंपन्यांच्या गळ्यातली प्रवासी वाहतूक केंद्राने सरकारी रेल्वे-कंपनी अ‍ॅमट्रॅककडे सोपवली तेव्हा ही गाडीही तिकडे गेली. आजचं नाव तिला १९८४ मध्ये मिळालं. रूळ मात्र अ‍ॅमट्रॅकचे नाहीत. ते आहेत बीएनएसएफ या मालवाहतूक कंपनीचे, म्हणजे १९९५ साली सँटा फे आणि बर्लिंग्टन नॉर्दर्न यांच्या विलीनीकरणातून झालेल्या कंपनीचे. आपल्याकडे रूळ, गाडी, स्थानक आणि तिकीट या सगळ्यांचा मालक एकच असल्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही: तिथे प्रवासी गाडी ही मालगाडीच्या घरातली भाडेकरू असते.

आणि या घराच्या एका भागातून मालक स्वतःच उठून गेला होता. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर रटोन खिंड आहे. उंची ७,५८८ फूट, चढ साडेतीन टक्के. १८७९ च्या सुमारास सँटा फेने तिथून रूळ टाकले तेव्हा पश्चिमेकडे जायला दुसरी सोयच नव्हती. पण १९०८ मध्ये दक्षिणेकडून, न्यू मेक्सिकोतल्या बेलेनमार्गे, कमी चढाचा दुसरा मार्ग तयार झाला. हळूहळू सगळा जड माल तिकडे वळला. शंभर डब्यांची कंटेनरगाडी साडेतीन टक्क्यांचा चढ चढवण्यात कुणाला रस असणार? पुढे अशी वेळ आली की कोलोरॅडोतल्या ला हंटापासून न्यू मेक्सिकोतल्या लेमीपर्यंतच्या दोनशेहून अधिक मैलांवर दिवसाच्या या दोन प्रवासी गाड्या सोडल्या तर जवळजवळ काहीच धावेना. ला हंटाच्या पूर्वेला, कॅन्ससच्या पश्चिम भागात, मालगाड्या होत्या, पण थोड्या आणि सावकाश. त्यांना तिसऱ्या वर्गाचा रूळ पुरत होता.

बीएनएसएफ आणि अ‍ॅमट्रॅक यांच्यातला करार जानेवारी २०१६ पर्यंतचा होता. तोवर ७९ मैलांची प्रत राखायची, पुढे नाही. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: आमच्या गरजेपेक्षा चांगला रूळ हवा असेल तर त्या फरकाचे पैसे ज्याला हवा त्याने द्यावेत. यावर चिडणं सोपं आहे, पण खाजगी कंपनीच्या ताळेबंदातून पाहिलं तर यात लबाडी दिसत नाही. शंभर मैल ७९ च्या वेगाने कापायला ७६ मिनिटं लागतात, ६० च्या वेगाने १००. दर शंभर मैलांमागे २४ मिनिटं जातात. ती बीएनएसएफच्या गव्हाची नसतात, कॅन्ससमधल्या हचिन्सनच्या फलाटावर पहाटे तीनच्या सुमारास गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाची असतात.

अ‍ॅमट्रॅकने हिशेब मांडला तो २० कोटी डॉलरचा, दहा वर्षांचा. पाच वाटेकरी: अ‍ॅमट्रॅक, बीएनएसएफ आणि कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको ही तीन राज्यं. प्रत्येकाने वर्षाला ४० लाख. कागदावर नीटस प्रस्ताव. पण राज्यांनी हात आखडला. कायद्याचा आधारही त्यांच्या बाजूने होता. २००८ च्या रेल्वे कायद्याने ७५० मैलांपेक्षा कमी पल्ल्याच्या गाड्यांचा खर्च राज्यांवर टाकला, त्याहून लांबच्या गाड्या केंद्राच्या. मग २,२६५ मैलांच्या गाडीसाठी आम्ही का द्यायचं, हा प्रश्न तिन्ही विधिमंडळांत विचारला गेला आणि त्याला तोडीचं उत्तर नव्हतं. न्यू मेक्सिकोचे हात तर आधीच पोळलेले. आल्बुकर्कीच्या लोकल गाडीसाठी त्या राज्याने बीएनएसएफकडून मार्ग विकत घ्यायचं ठरवलं, ते थेट कोलोरॅडोच्या हद्दीपर्यंत. बेलेन ते लेमी घेतला, त्यावर २००६ पासून लोकल धावू लागली. रटोनकडचा उरलेला डोंगराळ तुकडा मात्र घ्यायचा राहिला तो राहिलाच.

दुसरा पर्याय होता गाडी दक्षिणेच्या मार्गाने, विचिटा, अमॅरिलो, क्लोव्हिसवरून वळवण्याचा. गाडी वाचली असती आणि वाटेतली गावं गेली असती: डॉज सिटी, गार्डन सिटी, लमार, ला हंटा, ट्रिनिडाड, रटोन, लास व्हेगस (जुगाराचं नव्हे, न्यू मेक्सिकोतलं लहानसं). बातमीत ‘गाडी वाचवली’ असंच छापून आलं असतं.

आता थोडं रुळाबद्दल. पैसे कशावर गेले ते कळल्याशिवाय गावांनी नेमकं काय केलं ते कळत नाही.

या पट्ट्यात मैलोन्‌मैल जुना, सांध्यांचा रूळ होता. ३९ फुटांचे तुकडे, प्रत्येक सांध्याला दोन्ही अंगांनी फिशप्लेट (जोडपट्टी) आणि बोल्ट. एका मैलात ५,२८० फूट, म्हणजे एका रुळाला १३५ सांधे, दोन रुळांचे मिळून २७०. सांध्याला सहा बोल्ट धरले तर मैलामागे सोळाशेवर बोल्ट. यातला प्रत्येक सांधा म्हणजे रुळातली एक फट, आणि गाडीचं प्रत्येक चाक त्या फटीच्या पलीकडच्या टोकावर आदळतं. आदळून आदळून रुळाची टोकं चेपतात. खालची खडी दळली जाऊन तिची भुकटी होते, पाऊस पडला की तिचा चिखल होतो. चिखलावरचा स्लीपर गाडी जाताना खाली दबतो आणि वर येतो, वर येताना आणखी चिखल ओढतो. बोल्ट ढिले होतात. सगळ्यांत वाईट म्हणजे बोल्टच्या भोकापासून तिरकी चीर निघते. ती फिशप्लेटच्या आड असते, त्यामुळे रूळ चालत तपासणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही, अल्ट्रासोनिक यंत्रालाच सापडते. कॅन्ससच्या थंडीत रूळ आकसले की फटी रुंदावतात आणि बोल्टवर ताण येऊन ते तुटतात. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून फटी बुजतात, आणि जिथे फट आधीच गंजून अडकली असेल तिथे मार्ग बाजूला फुगतो.

यावर उपाय सांध्याविना जोडलेला अखंड रूळ. कारखान्यात वेल्डिंग करून चौदाशे-सोळाशे फुटांच्या लडी करायच्या, खास गाडीने जागेवर आणायच्या, टाकल्यावर तिथेच एकमेकींना जोडायच्या. दिसायला साधं, पण यातही एक मेख आहे. पोलादाचा एक किलोमीटर रूळ ५० अंशांच्या फरकाने सुमारे ५७ सेंटिमीटर वाढू पाहतो. अखंड रुळाला वाढायला जागाच नसते, म्हणून ती वाढ ताणाच्या रूपात आतच राहते. रूळ कोणत्या तापमानाला पक्का बसवायचा ते ठरवून घ्यावं लागतं. थंडीत घाईने बसवला तर जुलैत तो वाकडा होतो, फार उन्हात बसवला तर जानेवारीत तुटतो. रूळ जागेवर धरायला अँकर लागतात, आणि स्लीपरच्या टोकांपलीकडे खडीचा पुरेसा खांदा लागतो. म्हणजे नुसता रूळ बदलून भागत नाही. स्लीपर, खडी, गाडी मार्ग बदलते त्या जागा, रस्त्यांची फाटकं हे सगळं एका कामात धरावं लागतं. फाटकं विसरली की नव्या रुळावर दर दोन-तीन मैलांनी जुना तुकडा उरतो आणि वेगमर्यादा त्या तुकड्याचीच लागू होते.

हे काम कुणाच्या नावाने करायचं, या प्रश्नापाशी गार्डन सिटी आलं. कॅन्ससच्या नैर्ऋत्येचं हे गाव, वस्ती सव्वीस हजारांच्या आसपास, मांस-प्रक्रिया कारखान्यांवर जगणारं. केंद्राची २००९ पासून टायगर नावाची अनुदान योजना होती. (पुढे तिचं नाव बिल्ड झालं, मग रेझ, मग पुन्हा बिल्ड. सरकार बदललं की योजनेची पाटी बदलते, ही रीत तिथेही आहे.) योजनेत अर्ज राज्यं, शहरं, काउंट्या (तिथले जिल्हे), बंदर प्राधिकरणं अशा सार्वजनिक संस्थांनीच करायचा. बीएनएसएफसारख्या खाजगी कंपनीला तो करताच येत नाही. काम रेल्वेचं, रूळ रेल्वेचा, पण सही महापौराची. शिवाय ग्रामीण भागासाठी योजनेतले निकष सैल होते. स्थानिक वाटा शहरांना किमान २० टक्के घालावा लागे, ग्रामीण अर्जदाराला ती सक्ती नव्हती. तरी स्पर्धा एवढी तीव्र असे की काहीच न घालणाऱ्याचा अर्ज मागे पडे. दर फेरीत मागणी उपलब्ध रकमेच्या कितीतरी पट येई.

२०१४ च्या फेरीत गार्डन सिटीने अर्ज केला आणि सुमारे १ कोटी २५ लाख डॉलर मिळवले. त्याला जोड होती साधारण ९३ लाखांची: अ‍ॅमट्रॅकचे ४० लाख, कॅन्सस राज्याचे ३० लाख, बीएनएसएफचे २० लाख, आणि उरलेले वाटेतल्या गावांचे आणि काउंट्यांचे. एकेका गावाचा वाटा साडेबारा हजार डॉलरच्या आसपास. दोन कोटींच्या कामात ही रक्कम खारीच्या वाट्याएवढीही नाही, आणि तरीही माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशारीने खर्च झालेला पैसा हाच.

अशा अर्जात जोडनिधीचं पत्र जोडलेलं असतं, आणि दोन प्रकारच्या पत्रांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक पत्र म्हणतं, ‘आमच्या शहराचा या प्रकल्पाला मनःपूर्वक पाठिंबा आहे.’ दुसरं म्हणतं, ‘अमुक तारखेच्या सभेत ठराव संमत, अमुक लेखाशीर्षाखाली तरतूद केली.’ छाननी करणारे पहिल्या प्रकारची पत्रं चाळतात आणि दुसऱ्या प्रकारची मोजतात. साडेबारा हजारांची खरी तरतूद ही पाच लाखांच्या शुभेच्छांहून जड. दहा-पंधरा गावांनी, तीही दोन-तीन राज्यांतल्या, आपापल्या सभेत मतदान करून पैसे बाजूला काढले, तर ही गाडी एका आमदाराची हौस नाही हे न सांगता सिद्ध होतं.

बाकी अर्जाचं काम रुक्ष आहे, आणि बहुतेक अर्ज तिथेच पडतात. खर्च आणि लाभाचं गणित आकड्यांत मांडावं लागतं: वाचलेला प्रवासवेळ, टळलेले रस्ते-अपघात, कमी झालेला देखभालखर्च, वर्षागणिक सूट-दर (पुढच्या पैशाची आजची किंमत काढणारा) लावून. पर्यावरण-मंजुरी घ्यावी लागते. जुन्या रुळाच्या जागीच नवा रूळ टाकायचा असेल तर ती सोप्या वर्गात बसते. एखादा पूल रुंद करायची कल्पना मध्येच आली की नाही. त्यानंतर त्रिपक्षीय करार होतात. काम बीएनएसएफची माणसं करणार, पैसे शहराच्या नावाने येणार, म्हणजे हिशेब-तपासणी शहराच्या डोक्यावर. केंद्राचा पैसा सहसा काम झाल्यावर, बिलं दाखवल्यावर येतो. मधल्या काळात रोकड कुणी पुरवायची हे आधी लिहिलं नाही तर लहान नगरपालिकेची तिजोरी एका महिन्यात कोरडी पडेल. पोलादाचे भाव वाढले तर वाढीव खर्च कुणाचा? हेही लिहायचं. निवडून आलेली सभा पुढच्या सभेला बांधू शकत नाही, म्हणून ‘दहा वर्षं दर वर्षी देऊ’ असं वचन देण्यापेक्षा एकदाच, एकरकमी देणं शहाणपणाचं. अ‍ॅमट्रॅकचा मूळचा पाच वाट्यांचा प्रस्ताव मला वाटतं इथेच चुकला होता. दहा अर्थसंकल्प ओलांडायला सांगणारी योजना दहापैकी एका वर्षी पडणारच.

मुख्य कलम मात्र याहून वेगळं होतं. गावांनी नवा रूळ आणून दिला, त्याबदल्यात सुधारलेल्या भागाची चौथ्या वर्गाची देखभाल २० वर्षं स्वतः करायची जबाबदारी बीएनएसएफने घेतली. मूळच्या हिशेबातला देखभालीचा मोठा वाटा त्यामुळे गळून पडला. कंपनीलाही हे परवडणारं होतं, कारण अखंड रुळाला सांध्यांच्या रुळापेक्षा माणसं आणि बोल्ट दोन्ही कमी लागतात. एकदाच केलेला भांडवली खर्च देऊन वीस वर्षांची देखभाल विकत घेतली, असा हा सौदा. यात ज्याने कुणी ही अट रेटली त्याला मानलं पाहिजे.

पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, पाळी ला हंटाची. सात हजार वस्तीचं कोलोरॅडोतलं हे गाव अर्जदार झालं आणि १ कोटी ५२ लाख डॉलर घेऊन आलं. कोलोरॅडोने आधीच, २०१४ मध्ये, कायदा करून या गाडीसाठी स्वतंत्र आयोग नेमला होता. त्याचं नेतृत्व प्वेब्लो काउंटीचे कमिशनर सॅल पेस यांच्याकडे होतं. यात गंमत अशी की प्वेब्लोत ही गाडी थांबत नाही, जातही नाही. ला हंटापासून एक फाटा प्वेब्लोपर्यंत आणावा ही त्यांची आस, आणि त्या आशेवर त्यांनी दुसऱ्यांच्या गावच्या रुळासाठी खिशात हात घातला. तिसरा अर्ज न्यू मेक्सिकोतल्या कोलफॅक्स काउंटीचा. काउंटीची वस्ती बारा हजारांच्या आसपास आणि मुख्य स्थानक रटोन. उन्हाळ्यात तिथल्या फलाटावर पाठपिशव्या घेतलेल्या मुलांच्या झुंडी उतरतात, कारण बॉय स्काउट्सचं फिलमॉन्ट हे विस्तीर्ण शिबिरक्षेत्र जवळच आहे. मार्च २०१८ मध्ये कोलफॅक्सला १ कोटी ६० लाख मंजूर झाले.

आणि मग अ‍ॅमट्रॅकनेच पाय मागे घेतला. कंपनीचे नवे प्रमुख रिचर्ड अँडरसन विमान-कंपनीतून आलेले, लांब पल्ल्याच्या गाड्यांबद्दल फारशी ममता नसलेले. कोलफॅक्सच्या अर्जात अ‍ॅमट्रॅकने ३० लाखांचा वाटा कबूल केला होता, तो त्यांनी रोखला. त्यापाठोपाठ पर्याय मांडला तो असा की डॉज सिटी ते आल्बुकर्की एवढा तुकडा बसने न्यायचा. गाडीला या टप्प्याला साडेअकरा तासांच्या आसपास लागतात. झोपायच्या डब्याचं तिकीट काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या वाटेत उतरवून दिवसभर बसमध्ये बसवायचं आणि संध्याकाळी पुन्हा गाडीत चढवायचं. असं वेळापत्रक आखणाऱ्याला गाडी चालवायची नसते. दोन वर्षांनी ‘प्रवासी घटले’ असा तक्ता दाखवायचा असतो.

त्यांचं सांगितलेलं कारण मात्र हवेतलं नव्हतं. २००८ साली कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थजवळ लोकल आणि मालगाडीची समोरासमोर टक्कर होऊन २५ माणसं गेली. त्यानंतर संसदेने पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल सक्तीची केली. चालकाने सिग्नल ओलांडला किंवा वेग मोडला तर गाडी आपोआप थांबवणारी ही यंत्रणा, आपल्या ‘कवच’च्या जातीची. कमी वाहतुकीच्या मार्गांना नियमातून सूट मिळू शकत होती, आणि चीफच्या मार्गाचे काही पट्टे त्या सुटीत बसत होते. अँडरसन यांचं म्हणणं, सूट असली तरी यंत्रणा नसलेल्या मार्गावर आम्ही गाडी का चालवायची? प्रश्न रास्त. पण बाकीच्या मार्गांवर सूट घेऊन गाड्या चालत असताना तो नेमका याच गाडीला, आणि तोही अनुदान मंजूर झाल्यावर विचारला गेला, यावर गावांनी बोट ठेवलं.

गावांचा साडेबारा हजारांचा पैसा कामी आला तो इथे. तोवर दोन अनुदानांचे करार होऊन रूळ प्रत्यक्षात पडला होता. केंद्राचे पावणेतीन कोटींहून जास्त डॉलर, राज्यांचे, गावांचे, खुद्द अ‍ॅमट्रॅकचे पैसे जमिनीत गेले होते, आणि त्या प्रत्येक डॉलरवर एखाद्या निवडून आलेल्या संस्थेची सही होती. गाडी बंद करणं म्हणजे केंद्र सरकारने स्वतःच्याच दिलेल्या पैशाची माती करणं, आणि हे सिनेटरांना समजावून सांगायला कुठल्याही संघटनेच्या मोर्च्याची गरज नव्हती. कॅन्ससचे जेरी मोरान आणि पॅट रॉबर्ट्स रिपब्लिकन, न्यू मेक्सिकोचे टॉम उडाल आणि मार्टिन हाइनरिक डेमोक्रॅट, कोलोरॅडोचे कोरी गार्डनर आणि मायकेल बेनेट एकेका पक्षाचे. सहाही जण एका बाजूला उभे राहिले. १ ऑगस्ट २०१८ ला सिनेटमध्ये या मार्गासाठी ५ कोटी डॉलर राखून ठेवणारी दुरुस्ती ९५ विरुद्ध ४ मतांनी संमत झाली. वॉशिंग्टनमध्ये सूर्य पूर्वेला उगवतो या ठरावालाही हल्ली एवढी मतं पडायची नाहीत. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅमट्रॅकने गाडी पुढचं वर्ष चालेल असं जाहीर केलं, आणि पुढे कोलफॅक्सचा वाटाही सुटला. कोलोरॅडोच्या वाहतूक खात्याने केंद्राकडून आणखी ९१ लाखांहून अधिक डॉलर आणले. डॉज सिटी ते लास अ‍ॅनिमस या सुमारे १७९ मैलांवर तीच स्वयंचलित नियंत्रण यंत्रणा बसवण्यासाठी. अँडरसन यांच्या आक्षेपातली हवा त्या पट्ट्यापुरती तरी गेली.

उलट टोकाचं उदाहरण फार लांब नाही. शिकागो ते इंडियानापोलिस, १९६ मैल, हूजियर स्टेट नावाची गाडी. आठवड्यातून चार दिवस धावायची, उरलेले तीन दिवस त्याच मार्गाने कार्डिनल ही लांब पल्ल्याची गाडी. ७५० मैलांच्या आतली असल्यामुळे २०१३ च्या ऑक्टोबरपासून तिचा भार इंडियाना राज्यावर आला. राज्याने तो लाफायेट, वेस्ट लाफायेट, टिपिकनू काउंटी, क्रॉफर्ड्सव्हिल, रेन्सेलर अशा वाटेतल्या संस्थांशी वाटून घेतला. वर्षाला सगळे मिळून तीस लाख डॉलरच्या घरात. गावांनी इमानाने पैसे भरले, मध्ये एका खाजगी कंपनीकडून जेवणाचा उत्तम डबाही जोडून पाहिला. पण पैसा जात होता तो गाडी चालवण्यावर. मार्ग होता तसाच वळणावळणांचा आणि संथ, पाच तास घेणारा, शेजारच्या महामार्गावरच्या मोटारीहून मागे राहणारा. दर वर्षीचा पैसा त्या वर्षाच्या शेवटी संपायचा आणि मागे काही उरायचं नाही. २०१९ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पातली ती ओळ गळली आणि ३० जूनला शेवटची गाडी गेली. गावांकडे दाखवायला पावत्या होत्या, रूळ नव्हता. दोन्हीकडे स्थानिक लोक तेवढेच तळमळीचे होते. फरक पैसा चाकांवर घातला की रुळांवर, एवढाच होता.

हे वाचताना विदर्भातल्या वाचकाला शकुंतला आठवल्याशिवाय राहणार नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, अडीच फुटी रूळ, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या काळातली खाजगी मालकी, भाड्याने घेऊन चालवणारी सरकारी रेल्वे, आणि १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. मालक एक, चालवणारा दुसरा, देखभालीचा वाद दोघांत, आणि वेग इतका उतरलेला की अखेरीस गाडीच थांबली. दुखणं बरंचसं चीफसारखंच. पण मूर्तिजापूरच्या किंवा दारव्ह्याच्या नगरपरिषदेने ठरवलं असतं तरी अर्ज करायचा कुठे? आपल्याकडे रेल्वे हा केंद्राचा विषय. राज्य काही नव्या मार्गांना अर्धा खर्च देतं, नगर–बीड–परळीला तसा दिलाही. खासदार निधीतून फलाटावर बाकं आणि शेड येतात. नगरपरिषद ठराव करून निवेदन देऊ शकते, पण रुळासाठी केंद्राकडे स्वतः अर्जदार म्हणून जाऊ शकेल अशी वाट नाही. शकुंतलेसाठी लोकांनी सत्याग्रह केले, सभा घेतल्या, निवेदनं दिली. त्या निवेदनांमागे कुणा स्थानिक संस्थेची तरतूद नव्हती हा त्यांचा दोष नव्हे. तशी तरतूद घेणारी खिडकीच नव्हती.

चीफचं सगळं मार्गी लागलं असंही नाही. तीन-चार अनुदानांनी सगळा जुना रूळ बदलला गेलेला नाही. खिंडीकडच्या बाजूला काम बाकी आहे, आणि तिथे अ‍ॅमट्रॅक जवळजवळ एकटंच वापरकर्ता असल्यामुळे दर मैलाचा खर्च एकाच गाडीच्या माथी पडतो. बीएनएसएफची वीस वर्षांची हमी सुधारलेल्या भागापुरती आहे आणि पहिल्या कामापासून मोजली तर २०३० च्या दशकाच्या मध्यावर तिची मुदत भरेल. तेव्हा गार्डन सिटीच्या सभेत नवे लोक असतील. त्यांच्यापुढे जुना करार, त्यातली देखभालीची कलमं आणि तपासणीचे अहवाल एकत्र ठेवलेले असले तर नवी बोलणी शून्यापासून करावी लागणार नाहीत. लहान नगरपालिकांत मुख्य अधिकारी बदलला की असे कागद पहिल्यांदा हरवतात, म्हणून हे काम आताच कुणाकडे तरी नावानिशी सोपवलेलं बरं.

प्वेब्लोत मात्र अजून गाडी आलेली नाही. २०१७ मध्ये कोलोरॅडोने चीफसाठी नेमलेल्या त्या आयोगाचं काम वाढवून त्यात डोंगरांच्या पूर्वेकडच्या शहरांना जोडणारी प्रवासी सेवाही घातली, आणि २०२१ मध्ये त्यातून एक स्वतंत्र रेल्वे जिल्हा झाला. त्याला मतदारांपुढे जाऊन कर मागायचा अधिकार आहे. प्वेब्लो त्या जिल्ह्यात आहे. आता तिथे दुसऱ्यांच्या रुळासाठी पत्र लिहायचं नाही, स्वतःच्या मतदारांना कर मागायचा आहे, आणि ते काम साडेबारा हजारांत होणारं नाही.